भाऊजींचा बिनचूक घटस्फोट

खरं बोलणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण कागदावर खोटं लिहिलं जाऊ नये म्हणून स्वतःचा घटस्फोट दोन महिने अडवून धरणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो माझा भाऊजी आहे. ‘आहे’ म्हणालो, ‘होता’ म्हणायला हवं. कोर्टाच्या निकालानंतर ते माझे भाऊजी उरलेले नाहीत, हे मला समजावून सांगितलं तेही त्यांनीच. “तू मले आता सर म्हनत जा,” ते म्हणाले. “नातं कायद्यानं संपलं हाये. चुकीचा शब्द वापरू नको.” मी म्हणालो, “बरं, भाऊजी.”

भाऊजी अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. बोलणं अस्सल वऱ्हाडी आणि लिहिणं छापील पुस्तकासारखं, हा त्यांचा बाणा. “बोली आपली, लेखन सगळ्यायचं,” असं ते म्हणत. खिशात लाल पेन. दुकानाच्या पाट्या, निवडणुकीची पत्रकं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, कशालाही त्यांनी सोडलं नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत ‘आशीर्वाद’मधला ‘शी’ ऱ्हस्व पडला, तर हा गृहस्थ छापखान्यात जाऊन बसला आणि सगळा गठ्ठा पुन्हा छापून घेतला. पत्रिका शुद्ध झाल्या, पण त्या गावोगावी पोचल्या तेव्हा माझं लग्न होऊन आठवडा उलटला होता. धारणीकडचे आमचे दूरचे मामा पत्रिकेतली तारीख न पाहता नवे कपडे घालून आले आणि बिचारे तीन दिवस राहून गेले.

खरेपणाचंही तेच. लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला आले, तेव्हा आईनं हौसेनं सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली आणि दारामागून विचारलं, “कशी झाली जावईबापू?” भाऊजींनी शांतपणे घास संपवला, विचार केला आणि म्हणाले, “दुसरी पहिलीपेक्षा बरी होती.” आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पुढं पुढं मात्र तिला त्यांची अशी सवय झाली की नवीन काही केलं की ती म्हणायची, “जवायाले खाऊ द्या पयले, मंग खरं काय ते समजन.” तिच्या शेवटच्या आजारपणात आम्ही सगळे ‘बरी होशील’ म्हणत होतो, पण ती विचारायची फक्त भाऊजींना. ते तिच्याजवळ बसून जे खरं ते सांगायचे, आणि ते ऐकून तिला झोप लागायची.

माझी ताई सरकारी दवाखान्यात सिस्टर. भाऊजींची शाळा बरीच वर्षं विनाअनुदानित होती, म्हणजे काम पूर्ण आणि पगार आश्वासनाचा. तशात दोघांनी कठोरा रस्त्याला प्लॉट घेतला आणि घरासाठी बँकेकडून दोघांच्या नावानं कर्ज काढलं. कर्जाचा करारनामा सही करण्याआधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस त्या बँकेनं तोवर पाहिला नव्हता. भाऊजी वाचत होते आणि समोरचा साहेब घड्याळ पाहत होता. तीन वेळा चहा झाला. शेवटी भाऊजी म्हणाले, “कलम अकरा आनि कलम सव्वीस एकमेकाले खोटं पाडून राहिले साहेब.” साहेबानं दोन्ही कलमं वाचली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “हे आमीबी आजच वाचलं.”

घर उभं राहिलं ते ताईच्या पगारावर आणि भाऊजींच्या पायांवर. हप्ते ती भरायची. हे शाळेआधी, मधल्या सुटीत आणि शाळेनंतर सायकलवरून जाऊन भिंतींवर पाणी मारायचे. गवंडी वैतागून म्हणायचा, “गुरुजी, भिंत हाये, गुलाब नाई.” पण त्या घराला आजवर एक तडा नाही. ओल आहे, पण ती उत्तरेच्या भिंतीला, आणि ती भिंत उभी राहताना भाऊजी परीक्षेच्या पेपरात अडकले होते.

मग ताईची बदली अकोल्याला झाली. मी अकोल्यातच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो, तेव्हा तिनं माझ्या घराजवळ खोली केली. शनिवारी ती अमरावतीला जायची आणि सोमवारी पहाटे परत. मूलबाळ नव्हतं. अशी सात-आठ वर्षं गेली. एका शनिवारी तिची जास्तीची ड्यूटी लागली आणि ती जाऊ शकली नाही. पुढच्या आठवड्यात गेली तेव्हा भाऊजींनी तिच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाले, “एक सांगू? मांगच्या शनवारी तू आली नाई तं मले बरं वाटलं.” दुसरी कोणी असती तर तो ग्लास भिंतीवर फुटला असता. ताईनं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाली, “खरं सांगू सर? मलेबी.” मग म्हणे दोघं बराच वेळ हसत बसले. नंतर हसणं थांबलं, आणि पुढचं बोलणं सुरू झालं.

घटस्फोट घ्यायचा ठरल्याचं ताईनं मला अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी चक्रावलो. “भांडन झालं काय?” “नाई रे.” “मंग काही वेगळं हाये काय?” “बावळ्या, या वयात कायचं वेगळं?” ती म्हणाली. “घरी गेली की मी पाहुनी अन् ते घरमालक. मी इकडे आली की दोघंबी मोकळे. मंग कायले एकमेकाले बांधून ठेवाचं?” भावकीतली मंडळी समजूत घालायला जमली, पण समजूत घालायला काही भांडण तरी हवं! आमचे काका शेवटी चिडून म्हणाले, “अरे, आधी नीट भांडा तरी लेकहो! आमी मध्यस्थी करावं तं कायची करावं?”

परस्परसंमतीचा अर्ज करायचा म्हणून आम्ही तिघं अमरावतीच्या एका वकीलसाहेबांकडे गेलो. साहेब भला माणूस. आठवड्यानं त्यांनी अर्ज टाइप करून समोर ठेवला आणि भाऊजींनी लाल पेनाचं टोपण काढलं. पहिल्याच परिच्छेदात होतं, ‘उभयतांचा विवाह हिंदू वैदिक पद्धतीने संपन्न झाला.’ भाऊजी म्हणाले, “आमचं लगन विहारात झालं. भंतेजी होते, पंचशील झालं, शंभर मानूस साक्षीले होतं. हे वैदिक कोनाचं हाये?” ते दुसऱ्या कोणाच्या अर्जातून उतरवलेलं होतं. साहेबांनी माफी मागितली. पुढं होतं, ‘वारंवार होणाऱ्या वादांमुळे सहजीवन असह्य झाले.’

“वाद कवा झाले?” भाऊजींनी ताईकडे पाहिलं.

“नाई झाले,” ताई म्हणाली.

“अन् असह्य? शनवारचं वांग्याचं भरीत तं फर्मास व्हायचं.”

वकीलसाहेब हात जोडून म्हणाले, “सर, काहीतरी लिहावंच लागते. नाहीतर कोर्ट विचारीन ना, मंग घटस्फोट काहून?”

“जे खरं हाये ते लिवा.”

जे खरं आहे ते कायद्याच्या भाषेत बसवायला दोन महिने लागले. सहा मसुदे झाले. शेवटी भाऊजींनी स्वतः लिहिलेलं वाक्य अर्जात गेलं: ‘उभयतांमध्ये वैर नसून, स्वतंत्र राहणे दोघांनाही अधिक मानवते असे अनुभवास आले आहे.’ त्याखाली साहेबांनी कायद्याला लागतात ते दोन-चार शब्द जोडले. भाऊजींनी त्यातला एक अनुस्वार दुरुस्त केला आणि अर्ज दाखल झाला.

आता सहा महिने थांबायचं होतं आणि त्या काळात घराचं काय ते ठरवायचं होतं. इथं वकीलसाहेबांची खरी दशा झाली. भाऊजी म्हणाले, “घर तिचं. हप्ते तिनं भरले. मी निस्तं पानी मारलं.” ताई म्हणाली, “काही नाई. प्लॉट त्यायनं शोधला, उन्हात उभं राहून बांधलं. मी पगार देल्ला अन् झोपली. घर सरायचं.” साहेब एकदा इकडे पाहत, एकदा तिकडे. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “इतके वर्ष झाले वकिली करून राहिलो भाऊ. दोघं अशिलं उलटीकडून भांडून राहिले, हे पयल्यांदाच पाह्यतो.”

कोणीच ऐकेना तेव्हा घर विकायचं ठरलं. गिऱ्हाईक यायला लागली. दाखवायला भाऊजी, म्हणजे पुढचं सांगायलाच नको. एक तरुण जोडपं आलं. घर पाहून बाई हरखली. नवऱ्यानं सहज विचारलं, “पाण्याचं कसं आहे?” भाऊजी म्हणाले, “एक दिवसाआड येते, ते बी नळाच्या मर्जीनं. उत्तरेच्या भिंतीले ओल हाये. शेजारी तबला शिकून राहिले, त्यायले तीन वर्षांपासून एकच ठेका येते. उन्हाळ्यात वरची खोली भट्टी होते. बाकी घर चांगलं हाये.” जोडपं चहाही न घेता गेलं. दुसरं गिऱ्हाईक तेल्हाऱ्याचं, कापसाचा व्यापारी, खमक्या माणूस. त्याला ओलीचं काही वाटलं नाही. पण जाता जाता त्यानं विचारलं, “विकून काहून राहिले?” भाऊजींनी घटस्फोटाची हकिकत पहिल्या शनिवारपासून सांगितली. व्यापारी ऐकत ऐकत खाली बसला. तासाभरानं उठला, तेव्हा त्याचा सौद्यातला जीव गेला होता. “सर,” तो म्हणाला, “मी घर घ्याले आलतो, पन आता मले घरी जावंसं वाटून राहिलं. बायकोशी बोलाचं हाये.”

तिसऱ्या गिऱ्हाइकानंतर ताईनं पदर खोचला. “बस झालं,” ती म्हणाली. “घर मी ठेवतो. पुढचे हप्तेबी मीच भरतो. तुमी फक्त कागदं करून द्या.” ताई रागावली की ‘ठेवते’चं ‘ठेवतो’ होतं, आणि मग भाऊजीही व्याकरण काढत नाहीत.

कागद म्हणजे पुन्हा बँक. तिथल्या मॅडमनी फाइल उघडली आणि नीट समजावून सांगितलं, “घटस्फोट तुमचा आहे, कर्ज आमचं आहे. कोर्टानं तुम्हाला वेगळं केलं तरी करारात तुम्ही दोघं एकत्रच. उद्या मॅडमचा हप्ता चुकला तर आम्ही सरांच्याच दारात येणार.” भाऊजी म्हणाले, “माहीत हाये, कलम चौदा.” त्यांचं नाव काढायचं तर ताईच्या एकटीच्या पगारावर कर्ज बसायला हवं होतं. पगार बसत होता, पण ताईची नोकरी संपायची होती कर्जाच्या एक वर्ष आधी. म्हणजे दुसरा कोणी कमी वयाचा, पगारदार माणूस सहकर्जदार म्हणून हवा. सगळं बोलून झाल्यावर तिघंही हळूहळू माझ्याकडे पाहायला लागले.

खरं सांगतो, मला घाम फुटला. माझी स्वतःची दोन मुलं शिकत होती. बायको घरी म्हणाली, “बहिनीसाठी करा, नाई म्हनत नाई. पन समजून करा.” समजावण्याचं काम भाऊजींनी घेतलं. स्वतःच्या जागी मला अडकवणारा तो करारनामा त्यांनी मला ओळन् ओळ वाचून दाखवला. सकाळी दहाला बसलो ते दुपारी उठलो. प्रत्येक कलमानंतर ते थांबायचे आणि विचारायचे, “भेव वाटते काय?” मी हो म्हणालो की ते कलम पुन्हा. शेवटी पेन माझ्या हातात देताना म्हणाले, “मनात नसन तं सही करू नको. तिले मी सांगीन. तुयावर नाराजी येनार नाई, याची हमी माझी.” ते ऐकल्यावर माझी भीती कुठं गेली कोण जाणे. मी सही केली.

राहिलं घर ताईच्या नावावर करणं. भाऊजींनीच नियम शोधून काढला होता की राहतं घर बायकोला बक्षीस दिलं तर सरकारी शुल्क नाममात्र पडतं, मात्र ती बायको असेपर्यंतच. निकालाला महिनाही उरला नव्हता. बँकेचं संमतीपत्र मिळालं आणि बक्षीसपत्राचा मसुदा घेऊन आम्ही पुन्हा वकीलसाहेबांच्या टेबलाभोवती बसलो. ‘बक्षीस’ या शब्दावर भाऊजी जरा अडले. “बक्षीस पयल्या नंबराले असते,” म्हणाले. मग ताईकडे बघून, “जाऊ द्या. पंचवीस वर्षं माझ्यासंगं काढले म्हनल्यावर बक्षीस बराबर हाये.”

ते मोठ्यानं वाचायला लागले. पत्ता, गट नंबर, चतुःसीमा. दुसऱ्या पानावर ते एकदम थांबले. मी वाकून पाहिलं. ओळ अशी होती: ‘लिहून देणार हे लिहून घेणार यांस नैसर्गिक प्रेम व मायेपोटी सदर मिळकत बक्षीस देत आहेत.’ लाल पेन त्या ओळीवर टेकलं होतं. वकीलसाहेब आता त्यांना चांगलेच ओळखत होते. ते घाईघाईनं म्हणाले, “सर, ते छापील असते. सगळ्याच बक्षीसपत्रात असते. तुमच्या बाबतीत बसत नसन तर बदलून टाकू, दुसरं काही लिहू.”

भाऊजींनी ती ओळ मनाशी पुन्हा वाचली. मग पेनाला टोपण लावलं. “काहून बदलाचं?” ते म्हणाले. “चूक काय हाये त्यात?” आणि त्यांनी पान उलटलं.

ताई पर्समध्ये चष्मा शोधत होती. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.

सामानाची वाटणी हा मात्र आनंदाचा भाग झाला असता, जर मध्ये कूलर नसता. भांडी, पुस्तकं, कपाटं, सगळं अर्ध्या दिवसात मिटलं. कूलरवर दोघं अडले. वऱ्हाडातला उन्हाळा ज्यानं काढला नाही, त्याला त्या पत्र्याच्या पेटीची किंमत कळायची नाही. ताई म्हणाली, “तुमी भाड्याच्या खोलीत राहनार, कूलर तुमी न्या.” भाऊजी म्हणाले, “वरची खोली तापते, कूलर इथंच राहीन.” “तुमाले उष्णता सोसत नाई!” “तुले तं नाकातून रक्त येते!” आवाज चढत गेले. पंचवीस वर्षांत जे कोणी ऐकलं नव्हतं ते शेजारच्या तबलेवाल्यानं वाजवणं थांबवून ऐकलं. मी काकांना फोन करणार होतो की आता या, भांडण झालंय. शेवटी मी कूलर उचलून टेम्पोत टाकला आणि माझ्या घरी नेला. तो अजून माझ्याकडेच आहे, आणि फार छान हवा देतो.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “तुमच्यात समझोता होण्याची काही शक्यता आहे का?” भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, समझोता पूर्ण झाला आहे, म्हणूनच आम्ही इथे आलो आहोत.” कोर्टात ते प्रमाण भाषेत बोलले, कारण तिथलं बोलणं लिहून घेतात. न्यायाधीशांनी अर्जातलं ते वाक्य चष्मा वर करून पुन्हा वाचलं, दोघांकडे पाहिलं आणि निकाल दिला. बाहेर आल्यावर आम्ही तिघं गिला वडा खायला गेलो. चिंचेचं पाणी संपलं होतं म्हणून ताईनं गाडीवाल्याशी हुज्जत घातली. भाऊजींनी तिच्या वड्यावर स्वतःच्या दह्यातलं अर्धं दही ओतलं. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, कोणाचा तरी साखरपुडा उरकून आलेत.

त्यानंतर ताईची बदली अमरावतीला झाली आणि ती स्वतःच्या घरात राहायला गेली. भाऊजींनी संस्थेकडे अर्ज करून पातूरच्या शाळेत बदली मागून घेतली. अर्जात कारण लिहिलं, ‘घर पत्नीस दिले असल्याने’. मग ‘पत्नीस’ खोडून ‘पूर्वपत्नीस’ केलं. आता ते अकोल्यात, आमच्याच गल्लीत, ताई राहायची त्याच खोलीत राहतात आणि पातूरला एसटीनं जाऊन येऊन करतात. रविवारी आमच्याकडे जेवतात आणि माझ्या बायकोला स्वयंपाकाचा खरा निकाल सांगतात.

मागच्या वैशाखी पौर्णिमेला ताईनं आम्हाला सगळ्यांना बोलावलं, त्यांनाही. फाटकाशी आल्यावर भाऊजी थबकले. कडी कशी काढायची हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी बेल दाबली. ताईनं दार उघडलं. “जय भीम सर, या.” “जय भीम.” ते पुढच्या खोलीत, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं सवयीनं उठून पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे निघाले आणि दारातच थांबले. “येऊ काय?” त्यांनी विचारलं. ताई खीर ढवळत होती. तिनं मागं न पाहता माठाकडे हात केला. “या ना.” त्यांनी ग्लास घेतला, पाणी प्याले आणि ग्लास धुऊन पालथा ठेवला. उत्तरेच्या भिंतीला नवा रंग दिला होता. ते त्या भिंतीसमोर जरा वेळ उभे राहिले आणि खुर्चीवर परत येऊन बसले.

संध्याकाळच्या बसनं आम्ही दोघं अकोल्याला निघालो. बायको-मुलं ताईकडेच राहिली होती. बडनेरा मागं पडलं. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा खाली उतरून त्यांनी खिडकीतून मला चहा दिला, स्वतःचा घेतला आणि शेजारी येऊन बसले.

“तुयी बहीन सुखात हाये,” ते म्हणाले.

“हो.”

“चांगलं झालं.” बस सुरू झाली. चहा हिंदकळला तसा त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. “मीबी सुखात हावो.”

या माणसाचं एकही वाक्य मी आयुष्यात कधी तपासून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच मी वळून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर नांगरून ठेवलेली काळी शेतं होती, आणि ऊन उतरलं होतं. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं तेच सांगितलं असतं.